कुंडीतला वाफसा : घरातील आजारी झाडांचे खत आणि कुंडीबदल

रबर प्लांट म्हणून दिवाणखान्यात ठेवले जाणारे झाड ईशान्य भारताच्या जंगलातले. मेघालयातील खासी आणि जैंतिया लोक त्याच्या हवाई मुळांना वर्षानुवर्षे वळण देत ओढ्यांवर जिवंत पूल तयार करतात. ही मुळे एका काठावरून दुसऱ्या काठाला पोहोचतात आणि माणसांचे ओझे पेलतात. तेच झाड शहरातल्या सदनिकेत आठ इंची कुंडीत येते, तेव्हा त्याच्या मुळांच्या वाट्याला जेमतेम चार लिटर माती उरते. जमिनीतले झाड पाणी आटले तर मुळे खोल नेते, एका बाजूची माती निकस निघाली तर दुसरीकडे वळते. कुंडीतल्या झाडाला ही मुभा नाही. उजेड, पाणी, हवा, अन्नद्रव्ये आणि मुळांची जागा या पाचही गोष्टी त्याच्यासाठी घरातला माणूस ठरवतो.

असे झाड खंगू लागले, पाने पिवळी पडून गळू लागली किंवा महिनोन्‌महिने नवा कोंब दिसेनासा झाला, की घरोघरी दोन उपाय होतात. एक तर खत घातले जाते, नाही तर झाड मोठ्या कुंडीत हलवले जाते. दोन्ही उपाय उपयोगाचे आहेत, पण त्यांची वेळ चुकली तर तेच झाडाच्या जिवावर उठतात. मुळे कुजत असताना घातलेले खत उरलीसुरली मुळे करपवते, आणि अशक्त झाडाला दिलेली ऐसपैस कुंडी त्याच्या मुळांभोवती चिखल साठवते. खत केव्हा द्यावे, कुंडी केव्हा आणि कशी बदलावी, आणि या दोन्हींआधी काय तपासावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढील प्रकरणांत एकेका झाडाची निगा स्वतंत्रपणे येते. सर्व झाडांना लागू पडणारी तत्त्वे या प्रस्तावनेत मांडली आहेत.

झाड कशावर वाढते

झाडाच्या वाढीचा हिशेब वजनकाट्यावर मांडणारा एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग कुंडीतच झाला. ब्रुसेल्सचे वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेलमाँट यांनी मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती घेतली आणि तीत वाळुंजाच्या कुळातले विलोचे 5 पौंडांचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी दिले. शेवटी झाडाचे वजन 169 पौंडांवर गेले होते, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती केवळ दोन औंसांनी, म्हणजे सुमारे 57 ग्रॅमने घटली होती. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये प्रसिद्ध झाला. झाड सगळे पाण्यापासूनच बनले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता.

वाळलेल्या वनस्पतीच्या वजनात कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा वाटा 90 टक्क्यांहून अधिक असतो, आणि ही तिन्ही मूलद्रव्ये हवा व पाणी यांतून येतात. पान उजेडाच्या बळावर त्यांची साखर बनवते. तेच झाडाचे अन्न. मातीतून उचलली जाणारी 14 मूलद्रव्ये उरलेल्या थोड्या टक्क्यांत बसतात. नत्र, स्फुरद आणि पालाश ही मुख्य, कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही दुय्यम, आणि लोह, मंगल, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. हेलमाँट यांच्या तराजूने दाखवलेल्या दोन औंसांच्या तुटीत हीच द्रव्ये होती. खत जे पुरवते ते एवढेच. ही मात्रा थोडी असली तरी तिच्याशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून खताला महत्त्व आहे. मात्र उजेडाची उणीव खत भरून काढू शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात कार्ल श्प्रेंगल आणि त्यांच्यानंतर युस्टुस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी एक नियम मांडला. झाडाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या घटकावर अडते, आणि बाकीचे घटक कितीही वाढवले तरी ती पुढे सरकत नाही. शेतात हा कमी पडणारा घटक बहुधा पाणी किंवा नत्र असतो. घरात तो बहुधा उजेड असतो.

उजेडाचा हिशेब

भर दुपारी मोकळ्या आकाशाखाली प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते. चांगल्या खिडकीलगत ती साधारण काही हजारांवर येते, आणि खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात, बऱ्याचदा शंभर ते तीनशेच उरते. माणसाचा डोळा अंधुकतेला चटकन सरावतो, म्हणून हा फरक जाणवत नाही. खोली माणसाला लख्ख वाटते तेव्हाही झाडाची उपासमार चालू असू शकते.

तुळस हे याचे घराघरातले उदाहरण. वृंदावनातली तुळस अंगणात, उघड्यावर, दिवसभर उन्हात वाढे. कुंडी म्हणून पाहिले तर वृंदावन खोल आणि हवेशीर, आणि मंजिऱ्या खुडण्याच्या रिवाजामुळे झाडाचा जोर बी धरण्याऐवजी पालवीकडे राही. तीच तुळस बंद फ्लॅटच्या आतल्या खोलीत ठेवली की काही आठवड्यांत उंच, काटकुळी होते आणि पाने गाळते. तिला रोज किमान चार-पाच तासांचे ऊन हवे असते. तिच्या मुळाशी कितीही शेणखत घातले तरी ते ऊन भरून निघत नाही.

उजेड तपासण्याची एक सोपी रीत आहे. दुपारच्या वेळी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड ठळक दिसली तर उजेड बहुतेक झाडांना पुरेसा आहे. सावली पुसट असेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी, अॅग्लोनेमा अशी सोशिक झाडेच तिथे तग धरतील. सावलीच पडत नसेल तर ती जागा झाडाची नाही. आजारी झाडासाठी पहिला उपाय म्हणजे ते खिडकीजवळ नेणे. मात्र हा बदल आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा, कारण अंधुक जागी आलेली पाने एकदम कडक उन्हात भाजतात. पानांवरची धूळही प्रकाश अडवते. पंधरवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने पुसण्याचा लाभ कित्येकदा खतापेक्षा मोठा ठरतो.

वाफसा

मराठी शेतकऱ्याच्या भाषेत मातीच्या एका अवस्थेला नेमका शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर माती चिखल राहत नाही आणि कोरडीही पडत नाही, हातात घेतली तर ओल जाणवते पण बोटांना चिकटत नाही, तेव्हा वाफसा आला असे म्हणतात आणि पेरणीला हात घालतात. या अवस्थेत मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी असते आणि मोठ्या पोकळ्यांत हवा. मुळांना दोन्ही लागतात. मूळ श्वास घेते, आणि श्वासासाठीचा ऑक्सिजन हवेच्या मानाने पाण्यातून सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात आणि मेलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशी पोसतात. घरातली झाडे तहानेपेक्षा अशा गुदमरण्याने अधिक मरतात. कुंडीतल्या झाडाची निगा म्हणजे चार लिटर मातीत वाफसा टिकवण्याची मेहनत.

जमिनीत जादा पाणी खालच्या थरांकडे ओढले जाते. कुंडीला तळ असल्यामुळे ही ओढ तुटते आणि तळाशी पाण्याने तुडुंब भरलेला एक थर कायम राहतो. भिजलेला स्पंज आडवा धरला तर थोड्या वेळाने ठिबकणे थांबते. तोच स्पंज उभा केला की पुन्हा पाणी गळू लागते. कुंडीतही तसेच घडते. पाणी धरून राहणाऱ्या थराची जाडी मिश्रणाच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. त्यामुळे एकच मिश्रण उथळ कुंडीत जास्त ओले राहते आणि उंच कुंडीत मुळांना हवेशीर जागा अधिक मिळते.

निचऱ्यासाठी तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे पसरण्याची प्रथा सर्वत्र आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक पोताच्या मातीतून पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. ओला थर खडीवर जाऊन बसतो आणि मुळांची जागा तेवढी घटते. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचे कापड पुरते. भोक नसलेली शोभेची कुंडी झाड लावण्यासाठी वापरू नये. आतली कुंडी वेगळी ठेवून ती शोभेच्या कुंडीत बसवावी, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशीत किंवा तळाशी साचलेले पाणी ओतून टाकावे.

मिश्रण

महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती कापसाला आणि ज्वारीला मानवते, पण कुंडीत ती घात करते. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगा पाडते. कुंडीत ती कडेपासून सुटते, पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कोकणातली जांभ्याची लाल माती निचऱ्याला बरी, पण तिच्यात सेंद्रिय अंश आणि अन्नद्रव्ये कमी. रोपवाटिकांतून येणारी बरीच झाडे चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून ती माती सोयीची, घरात मात्र तिच्यात पाणी मुरत नाही आणि मुरले तर निघत नाही.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि हलका असतो, पण त्यात अन्नद्रव्ये नगण्य असतात. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार मात्र बरेच असू शकतात, म्हणून वापरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्यावा. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेले झाड सुरुवातीला तरारते आणि पुढे खत न मिळाल्यास फिके पडते. शिवाय वर्ष-दोन वर्षांत कोकोपीट कुजून बसतो, हवेच्या पोकळ्या बुजतात, आणि मुळे फार वाढलेली नसली तरी मिश्रण बदलण्याची वेळ येते.

बहुतेक पानांच्या झाडांना चालणारे साधे मिश्रण असे : धुतलेला कोकोपीट दोन भाग, चाळलेली लाल माती किंवा पोयटा एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि पर्लाइट किंवा धुतलेली जाड वाळू एक भाग. आठ इंची कुंडीमागे दोन चमचे निंबोळी पेंड मिसळावी. स्नेक प्लांट, झीझी, जेड यांसाठी वाळू किंवा पर्लाइट दुप्पट करावे आणि कोकोपीट निम्मा. मिश्रण चांगले जमले की मुठीत दाबल्यावर गोळा होतो आणि बोटाने टोचताच फुटतो. कच्चे शेण किंवा अर्धवट कुजलेला पालापाचोळा घालू नये. तो कुंडीत कुजताना उष्णता निर्माण करतो, नत्र खातो आणि चिलटांना आमंत्रण देतो.

लक्षणे वाचणे

औषधापूर्वी निदान हवे. मान टाकलेले झाड तहानलेलेच असेल असे नाही. मुळे कुजली तर भोवती पाणी असूनही ती ते उचलू शकत नाहीत आणि पाने तशीच लोंबतात. पीस लिली हे दोन्ही रीतींनी मान टाकणारे झाड. फरक बोटाने कळतो. दोन इंच खोल माती कोरडी असेल तर पाणी घालावे, झाड काही तासांत उभे राहते. माती ओली असूनही पाने लोंबत असतील तर पाणी थांबवावे आणि मुळे पाहावीत.

पिवळेपणा कुठून सुरू झाला हे महत्त्वाचे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात हलू शकतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून लक्षण खालच्या पानांवर दिसते. सगळे पान एकसारखे फिके पडले तर नत्र, कडा करपल्या तर पालाश, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम यांचा संशय घ्यावा. लोह आणि कॅल्शियम जागचे हलत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव वरच्या कोवळ्या पानांवर उमटते. लोहाच्या बाबतीत उणीव बहुधा मातीत नसते. बोअरच्या जड पाण्याने मिश्रणाचा सामू वाढतो आणि असलेले लोह मुळांना मिळेनासे होते. साधारण 5.5 ते 6.5 सामूला बहुतेक घरातली झाडे अन्नद्रव्ये नीट उचलतात. खालचे एखादे पान कधीमधी पिवळे होऊन गळणे हे वयाचे लक्षण आहे, त्यावर उपाय नको. एका आठवड्यात चार-पाच पाने पिवळी पडली आणि माती ओली असली, तर आधी मुळांची काळजी करावी.

मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा पापुद्रा आणि पानांची टोके तपकिरी, ही क्षार साचल्याची खूण. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. क्षार वाढलेल्या मातीत मुळांचे तसेच होते, पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले जाते. अशा झाडाला आणखी खत देणे म्हणजे फोडींना आणखी मीठ चोळणे. कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी, म्हणजे चार लिटरच्या कुंडीत आठ लिटर, सावकाश ओतून निथळू द्यावे. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट यांची टोके पाण्यातल्या फ्लोराइडनेही जळतात. त्यांना पावसाचे पाणी मानवते.

मुळे तळाच्या भोकातून बाहेर डोकावणे, पाणी घालताच सरळ खाली निघून जाणे, दर दोन दिवसांनी माती कोरडी पडणे, प्लॅस्टिकची कुंडी फुगणे ही जागा अपुरी पडल्याची लक्षणे. कुंडीच्या आकाराचा वाढीवर होणारा परिणाम मोजला गेला आहे. अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात कुंडीचे आकारमान दुप्पट केल्यावर झाडाचे वस्तुमान सरासरी 43 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हा लाभ निरोगी मुळांच्या झाडाला मिळतो. पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, पानामागे बारीक जाळी आणि वर फिके ठिपके दिसले तर लाल कोळी. किडीची झाडे आधी वेगळी ठेवून कीड आवरावी, मग कुंडीचा विचार करावा.

कुंडीबदल

कुंडी बदलताना मुळांवरचे सूक्ष्म रोम तुटतात आणि पाणी उचलण्याची ताकद काही दिवस घटते. म्हणून हे काम झाड वाढीला लागलेले असेल तेव्हा करावे. महाराष्ट्रात त्याचे दोन हंगाम येतात. होळीच्या सुमारास, थंडी सरून पालवी फुटताना, आणि पावसाच्या सुरुवातीला, हवेतला दमटपणा वाढल्यावर. मे महिन्यातला विदर्भाचा उन्हाळा आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी टाळावी. लंडन किंवा टोरांटोतल्या मराठी घरांत, जिथे डिसेंबरचा दिवस आठ-नऊ तासांचाच असतो, हे काम मार्च-एप्रिलवर ढकलावे. मुळे कुजत असतील तर मात्र मुहूर्त पाहू नये, त्याच दिवशी कुंडी उपसावी.

नवी कुंडी जुनीपेक्षा व्यासाने एक ते दोन इंच मोठी, त्याहून अधिक नको. मुळे पोहोचली नाहीत ती माती पाणी शोषून बसते पण ते कोणी उचलत नाही, आणि ओल तिथून मुळांपर्यंत कुजवा आणते. मुळे कापावी लागलेल्या झाडाला तर जुन्याच आकाराची किंवा लहान कुंडी द्यावी. भाजक्या मातीची कुंडी सर्व अंगांनी पाणी सोडते, म्हणून ज्यांच्या हातून पाणी जास्त पडते त्यांच्यासाठी ती उत्तम. प्लॅस्टिक आणि चिनीमातीच्या कुंड्यांत ओल जास्त टिकते, तिथे पाण्याची पाळी लांबवावी.

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून, कडेने हलके ठोकून, खोडापाशी मातीला हाताचा आधार देत झाड सरकवून काढावे. खोड धरून ओढू नये. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट पिवळसर आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी-काळे, लिबलिबीत आणि दुर्गंधी असते, आणि ओढले की साल हातात येऊन आतला दोरा उरतो. स्नेक प्लांटचे भूमिगत खोड मुळात नारिंगी असते, त्याला रोग समजू नये. कुजलेला भाग स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावा. गोल गोल फिरलेली मुळे बोटांनी सोडवावीत, जाळी घट्ट असेल तर बाहेरच्या बाजूने तीन-चार उभे छेद द्यावेत. तसेच सोडले तर मुळे नव्या मातीतही जुन्याच वर्तुळात फिरत राहतात. चिकट मातीचा गोळा पाण्याच्या बादलीत भिजवून हलकेच धुवावा.

झाड पूर्वी जितके खोल होते तितकेच लावावे. खोड मातीत गाडले की बुंध्याशी कुज लागते. कडेपासून एक इंच जागा पाण्यासाठी मोकळी ठेवावी, मिश्रण मुठीने ठोसून भरू नये, आणि तळातून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे. कुजलेली मुळे कापलेले झाड असेल तर पाणी बेताने द्यावे आणि मुळांच्या प्रमाणात काही पानेही कमी करावीत. त्यानंतर दोन आठवडे उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवावे. या काळात एखाद-दोन पाने गळतात, ते अपेक्षित आहे. मुळे जवळपास सगळी गेली असतील तर निरोगी फांदीची कलमे पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये लावणे हा वंश राखण्याचा खात्रीचा मार्ग. मनीप्लांटचे पेर आठ-पंधरा दिवसांत मुळे सोडते.

जलद वाढणाऱ्या झाडांची कुंडी वर्ष-दीड वर्षाने, सावकाश वाढणाऱ्यांची दोन-तीन वर्षांनी बदलावी. हलवणे अवघड अशा मोठ्या कुंडीत दरवर्षी वरची दोन इंच माती खुरपीने काढून तिथे गांडूळखत मिसळलेले नवे मिश्रण भरावे. रोपवाटिकेतून आणलेले झाड आल्या दिवशी हलवू नये. नव्या उजेडाला सरावण्यासाठी त्याला दोन-तीन आठवडे द्यावेत, माती चिखलासारखी साचलेली असेल तर तेवढाच अपवाद.

खत

खत वाढणाऱ्या झाडाला द्यायचे असते. कुंडी बदलल्यानंतर पहिले चार ते सहा आठवडे खत नको. तुटलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत, आणि नव्या मिश्रणातले गांडूळखत तेवढ्या काळाला पुरते. थंडीत वाढ मंदावते तेव्हा, माती कोरडी ठणठणीत असताना आणि झाड मुळांच्या आजारात असताना खत पूर्णपणे टाळावे.

बाजारात सहज मिळणारे विद्राव्य खत म्हणजे 19:19:19. आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी सांगतात. एका लिटर पाण्यात एक ग्रॅम विरघळवले की त्यात 190 मिलिग्रॅम नत्र येते. घरातल्या मंद उजेडात तेवढेही बऱ्याचदा जास्त होते. लिटरला अर्धा ग्रॅम, फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात तीन-चार आठवड्यांनी एकदा, आधी भिजवलेल्या मातीत, हे प्रमाण बहुतेक पानांच्या झाडांना पुरते. खिडकीतल्या भरउजेडातल्या झाडाला ते एक ग्रॅमपर्यंत नेता येते. युरियाचे दाणे कुंडीत टाकू नयेत. त्यात 46 टक्के नत्र असते, आणि शेतात एकरभर विखुरले जाणारे खत चार लिटर मातीत चिमूटभर जास्त झाले तरी मुळे जाळते.

गांडूळखत, शेणखत आणि पेंड यांतली अन्नद्रव्ये सूक्ष्मजीवांनी फोडल्यावरच मुळांना मिळतात, म्हणून ती सावकाश आणि दीर्घकाळ काम करतात. आठ इंची कुंडीला दर तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत मातीच्या वरच्या थरात मिसळावे. पेंड घरात वर पसरली तर वास आणि बुरशी येते, ती मिश्रणातच मिसळावी. स्वयंपाकघरातल्या उरलेल्या वस्तूंबद्दल मात्र सावध राहावे. अंड्याची टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ती कुंडीत वर्षानुवर्षे तशीच राहतात. केळीच्या सालींत पालाश असते, पण साल भिजवलेल्या पाण्यात नत्र जवळजवळ नसते. साखर-दुधाचा चहाचा चोथा, तांदळाचे धुवण आणि ताक यांनी कुंडीत चिलटे आणि बुरशी वाढते. या सर्व वस्तू कंपोस्टच्या डब्यात जाव्यात. कुजून त्यांचे खत झाल्यावर त्या कुंडीला खरोखर उपयोगी पडतात.

झाडागणिक भूक वेगळी. स्नेक प्लांट आणि झीझी पाणी व अन्न पानांत किंवा जमिनीखालच्या खोडात साठवतात. त्यांना वर्षातून दोन-तीनदा खत पुरे, आणि अति निगा हाच त्यांचा मुख्य धोका. जेडची गोष्ट तशीच, पण त्याला उजेड भरपूर हवा. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम महिन्याच्या खताला उत्तम प्रतिसाद देतात. अरेका पाम भुकेला असतो, मॅग्नेशियम कमी पडले की जुनी पाने पिवळी दाखवतो, आणि त्याची मुळे छेडलेली त्याला खपत नाहीत.

उपचाराचा क्रम

आजारी झाडापुढे उभे राहिल्यावर क्रम नेहमी एकच ठेवावा. प्रथम उजेड पाहावा, मग बोटाने माती, मग कुंडीतून काढून मुळे, त्यानंतर कीड, आणि खताचा विचार सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करावा, नाही तर कशाने गुण आला आणि कशाने बाधले हे कळत नाही. करपलेले किंवा पिवळे पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, त्यामुळे जुन्या पानांवरून उपचाराची पारख करू नये. वाढीच्या हंगामात कुंडी बदललेले झाड बहुधा चार ते आठ आठवड्यांत नवा कोंब काढते. तो कोंब उलगडून त्याचे पान आधीच्या पानाएवढे किंवा त्याहून मोठे झाले, म्हणजे मुळांनी जीव धरला. अर्ध्या ग्रॅमचे पहिले खत त्यानंतर द्यावे.